पाव्हणे यायलेत

“पाव्हणे यायलेत गं,” असं मामी हळूच म्हणायची आणि डोक्यावरचा पदर कानामागं खोचायची.

एवढं झालं की तिच्या घरातली कामं आपोआप सुरू व्हायची. तिची मुलगी शीतल पितळी भांडी उचलून ज्वारीच्या पोत्यांमागं ठेवायची. खलबत्त्यातला बत्ता पिठाच्या डब्यात जायचा. शेळ्या पुढच्या दारातून मागच्या दारात बांधल्या जायच्या. आणि शेळ्यांसाठी पाला तोडायची कुऱ्हाड आमच्या घरी यायची. कुऱ्हाड दाराआड ठेवली की माझी आजी टीव्हीचा आवाज कमी करायची. मग मामी ओट्यावर घोंगडी अंथरायची, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायची आणि आत जाऊन दाराला कडी लावायची.

थोड्या वेळानं पाव्हणे यायचे. पाव्हणे म्हणजे मामीचे स्वतःचे मालक.

मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. पण तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, म्हणून लिहून बघते.

आमचं गाव वडवणीपासून थोडं आत आहे. मामीच्या आणि आमच्या घराची एक भिंत सामाईक. ती माझी सख्खी मामी नाही. आमच्याकडं शेजाऱ्याला काहीतरी नातं लावल्याशिवाय हाक मारता येत नाही, म्हणून ती मामी आणि तिचा नवरा मामा. माझे आईबाप दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्यावर जायचे. मी आणि आजी घरी राहायचो. त्या महिन्यांत माझं निम्मं जेवण मामीच्या चुलीवरच व्हायचं. म्हणून त्या घरातलं मला बरंच ठाऊक आहे. काही भिंतीतून ऐकून, काही तिथं बसून.

मामा माझ्या आठवणीआधीपासून पीत होता. आजी सांगते की तरणा असताना त्यानं एकदा पिऊन कुऱ्हाड भिरकावली होती. ती कुणाला लागली नाही, दाराच्या चौकटीत रुतली. चौकटीवरची ती खाच अजून आहे. दुसऱ्या दिवसापासून मामीनं भांडण बंद केलं आणि ‘पाव्हणे’ सुरू केले.

मी अकरावीत असताना तिला एकदा विचारलं होतं. आम्ही दोघी ओट्यावर शेंगा फोडत होतो.

“मामी, मामाला पाव्हणे कावून म्हणता?”

“मग काय म्हणू?” तिनं मलाच विचारलं. “पाव्हण्याला कुणी शिव्या देतं का? उलटून बोलतं का? आला तसा घ्यायचा, गेला तसा जाऊ द्यायचा. पिलेला माणूस आपल्या घरचा नसतोच गं. सकाळी आपला माणूस उठतो, त्याच्यासंगं काय ते बोलायचं.”

“आणि सकाळी बोलता का?”

“सकाळी लई काम असतं,” असं म्हणून ती हसली आणि शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं.

सकाळचा मामा खरंच वेगळा होता. कमी बोलायचा. पोरींना कधी ‘अगं’ म्हणायचा नाही, ‘अवं बाई’ म्हणायचा. सीताफळाच्या दिवसांत डोंगराकडं शेळ्या घेऊन गेला की धोतराच्या सोग्यात पिकलेली सीताफळं बांधून आणायचा आणि त्यातलं एक आमच्या उंबऱ्यावर ठेवून जायचा. हाकही मारायचा नाही.

नवल म्हणजे तो शब्द त्यानंही उचलला होता. सकाळी ओट्यावरची घोंगडी झटकताना तो खाली बघून विचारायचा, “काल पाव्हण्यानं लई तरास दिला का?”

“न्हाई,” मामी आतून म्हणायची. “गुमान झोपले.”

कधी ते खरं असायचं, कधी नसायचं. पण दोघंही ते अशा आवाजात बोलायचे, जसं परगावचं कुणीतरी खरंच येऊन गेलंय.

गल्लीला हा शब्द इतका सवयीचा झाला होता की त्याची गंमतही व्हायची. एकदा मामीचा भाऊ तिला भेटायला आला. येताना समोरच्या म्हातारीनं विचारलं, “आज पाव्हणे लई हायत का?” तो बिचारा म्हणाला, “न्हाई न्हाई, मी एकटाच हाय.” म्हातारी किती दिवस हसत होती. तेव्हापासून मामीच्या घरात खऱ्या पाव्हण्यांना ‘मंडळी’ म्हणायला लागले. मंडळी आली की चहा ठेवायचा. पाव्हणे आले की कडी लावायची.

पण घरातला हा फरक फाट्यावर कुणाला माहीत असणार? फाट्यावर एकाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चहा आणि भजी. मामा पिऊन रिक्षातून उतरला की हॉटेलवाला मामीला फोन लावायचा. तो मुळात कमी बोलणारा. “मामी, पाव्हणे यायलेत,” एवढंच म्हणून फोन ठेवून द्यायचा. फाट्यापासून गावापर्यंत चालत यायला वेळ लागतो, झिंगलेल्या माणसाला तर जरा जास्तच. तेवढ्यात मामीचं सगळं आवरून व्हायचं.

आता शीतलचं सांगते, कारण सगळं तिच्यावरूनच झालं.

शीतल माझ्यापेक्षा थोडी मोठी. बारावीनंतर तिनं घरी शिलाई मशीन टाकली होती. तिला एक चांगलं स्थळ आलं. मुलगा दूध संकलन केंद्रात कामाला, घरची थोडी बागायत. स्थळ आणणारा मध्यस्थ मामीचा लांबचा भाऊ लागत होता. त्यानं मामीला आधीच बजावलं होतं, “दाजीचं काही बोलू नको. तब्येत बरी नसती म्हणायचं. लगीन झाल्यावर कळलं तर कळलं. असलं स्थळ पुन्यांदा घावायचं न्हाई.”

मामीनं मान डोलावली होती. तिचं एकच म्हणणं होतं की पोरीला रोज संध्याकाळी फाट्याच्या रस्त्याकडं बघत बसावं लागणार नाही, असं घर मिळावं.

मंडळी येणार त्याच्या आदल्या दिवशी मामाला पालीला त्याच्या बहिणीकडं पाठवलं. तो कुरकुरला नाही. गाडीवर बसताना एवढंच म्हणाला, “जातो बाई. मी असलो की इस्कोट होतो.” शीतल दारात होती. ती आत निघून गेली.

मंडळी दुपारी यायची होती. मी तेव्हा अंबाजोगाईला कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते. सकाळीच मामीकडं जाऊन पोह्यांसाठी कांदे चिरत बसले. शीतल पोपटी साडी नेसून निऱ्या नीट करत होती. मामी ओटा सारवून हात धूत होती. तेवढ्यात फोन वाजला.

“मामी, पाव्हणे यायलेत,” हॉटेलवाला म्हणाला आणि फोन ठेवला.

मामी खालीच बसली. “आज बी?” असं ती कुणालातरी म्हणाली, आमच्यापैकी कुणाला नाही. मग पदर कानामागं खोचला आणि उठली. “शीतल, उचल. तेच आलेत पालीहून. मंडळी यायच्या आत झोपले म्हंजे झालं.”

मंडळी लवकर निघाली असेल, असं आमच्या कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. इतक्या वर्षांत त्या फोनवर दुसरं कुणी आलंच नव्हतं.

आम्ही कामाला लागलो. मी शेळ्या मागं नेल्या. नवे कप, पोह्यांच्या बशा, सगळं पोत्यांमागं गेलं. ओट्यावर, ओल्या सारवणावरच, मामीनं घोंगडी टाकली. मी पुढं होऊन आमचं दार उघडं धरलं आणि शीतल कुऱ्हाड घेऊन निघाली.

ती गल्लीच्या मधोमध असतानाच वळणावरून तीन माणसं आली. धुतलेल्या टोपीचा एक म्हातारा, काठपदराची साडी नेसलेली एक बाई आणि इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा. मध्यस्थ मागं गाडी लावत होता.

पोपटी साडी, डोक्यात गजरा आणि खांद्यावर कुऱ्हाड, अशी शीतल त्यांच्यासमोर उभी होती. मग बिचारीला काय सुचलं कोण जाणे, ती कुऱ्हाडीसकट वाकून पाया पडायला गेली. मुलाची आई घाईनं मागं सरली.

“असू दे, असू दे पोरी,” ती म्हणाली. “लांबूनच पुरे.”

म्हातारा ओट्यावर चढला आणि त्यानं कडी वाजवली.

“आत न्हाई यायचं!” आतून मामीचा आवाज आला. “घोंगडी टाकलीया. गुमान पडा. तांब्या उशाशी हाय.”

म्हाताऱ्यानं घोंगडीकडं पाहिलं, तांब्याकडं पाहिलं. तो फार साधा माणूस होता. बायकोकडं वळून म्हणाला, “बसा म्हणायलेत,” आणि खरंच बसला.

“एक शबूद बोलू नका आता,” मामी आतून म्हणाली. “काय बोलायचं ते सकाळी बोलू.”

“अवं पण,” म्हातारा भीतभीत म्हणाला, “सकाळच हाय की आता.”

परका आवाज ऐकला आणि मामीनं दार उघडलं. मामीचा चेहरा मी विसरू शकत नाही. पण त्याचं वर्णन मला जमणार नाही.

तोवर मध्यस्थ धावत आला. त्यानं एका नजरेत सगळं ओळखलं आणि तिथल्या तिथं थाप मारली, “गल्लीत पिसाळलेलं कुत्रं फिरायलंय कालपासून. त्याच्यामुळं दारं लावून बसलेत लोक.”

“आस्सं,” मुलाची आई म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. “म्हणून व्हय कुऱ्हाड! पोरगी धीटच हाय म्हणायची.”

म्हणजे निभावलं होतं. सगळे आत बसले. कप पोत्यांमागून परत आले. पोहे झाले, चहा झाला. म्हातारा घोंगडीवरून स्वतःचीच चेष्टा करायला लागला. मुलगा शीतलकडं एकदोनदा बघून चांगलं हसला. मुलाची आई उठली, शीतलला जवळ घेतलं आणि म्हणाली, “आमच्याकडं बी कुत्री लई हायत गं. असलीच सून पायजे.” मध्यस्थानं माझ्याकडं बघून डोळे मिटले, झालं म्हणून.

मग ती बाई सहज म्हणाली, “हिचे वडील दिसंनात ते?”

“तब्येत बरी नसती त्यांची,” मध्यस्थ लगेच म्हणाला.

“काय होतंय?” तिनं मामीला विचारलं. काळजीनंच विचारलं होतं.

मामी शीतलकडं बघत राहिली. शीतलच्या खांद्यावर त्या बाईचा हात होता.

“दारू पितेत,” मामी म्हणाली. “कुत्रंबित्रं काही न्हाई. मला वाटलं तेच आलेत पिऊन, म्हणून दार लावलं. पिले की भांडी फेकतेत, म्हणून लपवली. पोरीच्या हातात कुऱ्हाड त्याच्यासाठीच होती, शेजारी ठिवायला चालली होती. लगीन झाल्यापासून असंच चालू हाय.”

तिनं हे अगदी शांत आवाजात सांगितलं. मध्यस्थाला चहाचा ठसका लागला.

मुलाच्या आईनं शीतलला विचारलं, “खरं का गं?”

“आई म्हणली ते खरं हाय,” शीतल म्हणाली. तिची मान खाली नव्हती.

ती माणसं वाईट नव्हती, हे मला सांगायला हवं. चहा अर्धा टाकून उठली नाहीत. जाताना त्या बाईनं मामीचा हात हातात धरला. पण “कळवतो” असं म्हणताना तिनं मामीकडं बघितलं नाही, आणि आम्हाला तेव्हाच कळलं.

नकार मध्यस्थाकडून आला. त्यानं मामीशी बोलणं टाकलं. गल्लीतही सगळे मामीलाच बोल लावत होते. माझी आजीसुद्धा म्हणाली, “तोंड जरासं दाबलं असतं तर लेक उजवली असती की.” शीतल आईशी बोलेना. दिवसभर मशीनवर बसायची आणि मशीन नुसती धडधडायची. मामी ताट वाढून तिच्याजवळ ठेवायची आणि मुकाट्यानं शेळ्यांमागं जायची.

एकदा मी मामीला विचारलं, “निभावलं होतं ना मामी सगळं. मग कावून सांगितलं?”

हातातला पाला शेळीपुढं टाकत ती म्हणाली, “त्या बाईनं हिला जवळ घेतलं ना, तवा माझ्या ध्यानात आलं. खोटं सांगून दिली असती तर पोरीला तिथं बी हेच काम लागलं असतं बघ. झाकायचं. सणाला बाप गेला तर झाकायचं, फोन वाजला तर दचकायचं. भांडी लपवायचं काम मी तिला आंदण दिलं असतं.”

मग म्हणाली, “लगीन मोडलं त्याचं वाईट वाटतंय. न्हाई असं न्हाई.”

माझ्या ब्लाऊजचं माप घेताना शीतलच एक दिवस आपणहून बोलली. टेप माझ्या खांद्यावर होता, तिचं तोंड मला दिसत नव्हतं. “आई बोलली तवा मला वाटलं जमीन फाटावी,” ती म्हणाली. “पण त्या रात्री लई गाढ झोप लागली गं. कावून ते कळंना.” त्या संध्याकाळी दोघी मायलेकी एका ताटात जेवल्या.

मामा पालीहून परत आला त्या सकाळचं मात्र सांगायचं राहिलं. मी आमच्या बाजूला भांडी घासत होते. भिंतीपलीकडं मामानं विचारलं, “पाव्हणे कसे होते?” तो मुलाकडच्यांबद्दल विचारत होता.

“चांगले होते,” मामी म्हणाली. “तुमी आलात समजून मी त्यांच्या तोंडावर दार लावलं.”

पलीकडं तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

“ऐका,” मामी म्हणाली. “त्या शबदानं माझं घर चाललं, खरं हाय. पण तुमाला बी बरं पडलं. पिणार पाव्हणा, फेकणार पाव्हणा, आन् तुमी सकाळी मोकळे. आता पाव्हणा कुणी न्हाई. तुमी पिता. तुमीच.”

मामाची पावलं मागच्या दाराकडं गेली. शेळ्या सोडल्याचा आवाज आला. त्या दिवशी आमच्या उंबऱ्यावरून जाताना त्यानं वर पाहिलं नाही.

त्यानंतर त्यानं दारू सोडली असं लिहायला मला आवडलं असतं. पण त्याच संध्याकाळी हॉटेलवाल्याचा फोन आला. “मामी, पाव्हणे यायलेत.”

“पाव्हणे न्हाई रे बाबा,” मामी म्हणाली. “मालक हायत माझे. पिलेत. येऊ दे.”

घोंगडी पडली, तांब्या ठेवला, कुऱ्हाड आमच्याकडं आली. सगळं तसंच झालं, फक्त तो शब्द गेला. आणि तो गेल्यावर मामा सकाळी घोंगडी झटकताना काही विचारेनासा झाला. विचारायचं तर त्याला आता ‘मी काल काय केलं’ असंच विचारावं लागलं असतं. काही महिने तो असाच गप्प होता. मग एका सकाळी त्यानं विचारलं. मामीनं खरं ते सगळं सांगितलं, काही न गाळता. ऐकून तो म्हणाला, “अंबाजोगाईला दवाखाना हाय म्हणतेत ह्याचा.”

पहिल्या वेळी तो तिथून मधूनच पळून आला. मामीनं त्याला जेवू घातलं आणि भांडली नाही. पुढच्या उन्हाळ्यात शीतलचं लग्न झालं. मामीनं मुलाकडच्यांना पहिल्याच निरोपात सगळं सांगायला लावलं होतं. दोन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही, तिसरीकडून माणसं आली. मांडवात मामा दिवसभर शुद्धीत होता. त्याचे हात इतके थरथरत होते की अक्षता सांडत होत्या, आणि मामी शेजारी उभी राहून त्याच्या ओंजळीत पुन्हापुन्हा तांदूळ घालत होती.

यंदा पावसाळा सरताना मामा परत दवाखान्यात भरती झाला, ह्या वेळी स्वतःच्या पायानं. मी तिथंच कॉलेजला असल्यानं सुट्टीच्या दिवशी मामीला भेटायला जाते. नातेवाईक बाहेर लिंबाखाली बसतात. कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. कुणी विचारलंच तर कावीळ म्हणतात, पोटाचं म्हणतात, डोक्यात ताप गेलाय म्हणतात.

गेल्या रविवारी मी गेले तेव्हा तिथं एक मुलगी उभी होती, माझ्याच वयाची. पाठीवर कॉलेजची बॅग होती, तोंडाला ओढणी बांधलेली. शेजारच्या माणसानं तिला विचारलं, “कोण हाय आत?”

“पित्ताचा त्रास आहे,” तिनं सांगितलं. कोण आहे ते सांगितलंच नाही.

मामी तिच्याकडं बघत होती. मग तिनं आपली पिशवी उचलून पलीकडं ठेवली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात फिरवून तिथले लिंबोळीचे दाणे बाजूला केले.

“हितं सावलीला ये बाई,” ती म्हणाली. “माझे मालक हायत आत. दारूनं. दुसऱ्या बारीला आलोय आमी.”

मुलगी जागची हलली नाही. तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग हळूच येऊन मामीजवळ बसली आणि ओढणीची गाठ सोडली.

“माझे पप्पा आहेत,” ती म्हणाली.

“बरं,” मामी म्हणाली. “जेवलीस का?”